१५ जून ते १५ एप्रिल

दिवाळीच्या आत माळ्यावरची ट्रंक रिकामी झालीच पाहिजे, असं काकूंनी बजावलं होतं. म्हणून मी साताऱ्याला काकांच्या मदतीला गेले. ट्रंकेत भांडी नव्हती की जुने कपडे नव्हते. प्राध्यापक संघटनेची जवळजवळ चाळीस वर्षं त्या ट्रंकेत कोंबलेली होती. शाई पसरलेली सायक्लोस्टाइल पत्रकं, धरण्यांचे काळेपांढरे फोटो, निकालपत्रांच्या झेरॉक्स, लाल दोऱ्याने बांधलेली पावतीपुस्तकं.

काका १९७६ साली इतिहासाचे प्राध्यापक झाले आणि ३१ मे २०१३ला निवृत्त झाले. मी मराठी शिकवते, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात, तासिका तत्त्वावर, गेली आठ वर्षं. संघटना या विषयावर आमचं कधीच पटलेलं नाही. त्या दिवशी मात्र आम्ही पहिल्यांदा शेवटपर्यंत भांडलो.

एक पावतीपुस्तक मी उघडलं. पन्नास पावत्या, सगळ्या भरलेल्या, पण एकही फाडलेली नाही. स्थळप्रत आणि सभासदाची प्रत दोन्ही जागच्या जागी.

"काका, पैसे घेतले आणि पावत्या दिल्याच नाहीत?"

"सांगतो नंतर. आधी हे वाच."

त्यांनी हातात दिला तो त्यांचा पहिला नेमणूक आदेश. टंकलिखित, घडीवर फाटलेला. नेमणूक १५ जून १९७६ ते १५ एप्रिल १९७७. त्याखाली एक ओळ : सदर नेमणूक उपरोक्त दिनांकास आपोआप संपुष्टात येईल.

"दहा महिने," काका म्हणाले. "उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार द्यायला लागू नये म्हणून. जून आला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा सचिवांच्या घरी खेटे. पगारपत्रकावर सही एका आकड्यावर करायची, हातात दुसराच यायचा. मधला फरक संस्थेच्या इमारत निधीला, स्वेच्छेने. असं चार वर्षं. पाचव्या वर्षी आम्ही अकरा जण एकत्र आलो आणि सहाव्या वर्षी मला मे महिन्याचा पगार मिळाला. त्या पगाराचं काय केलं ते तुझ्या काकूला विचार."

"शिलाई मशीन घेतलं," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मला हे मान्य आहे, काका. तुमच्या पिढीनं मिळवलं ते खरंच मिळवलं. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. वेतन आयोग आला की संघटना, थकबाकी अडकली की संघटना. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. लोकांना आता प्राध्यापक म्हटलं की पगारच आठवतो."

"पगाराची लाज वाटते का तुला?"

"नाही. पगाराशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही, याची वाटते."

काकांनी चष्मा काढून पुसला. राग आला की ते असंच करतात.

"मग ऐक. १९८७ साली देशभरातले प्राध्यापक संपावर गेले, ते मेहरोत्रा समितीच्या वेतनश्रेण्यांसाठी. खरं आहे, पगारासाठी. पण त्या वेतनश्रेणीमुळेच पहिल्यांदा असं झालं की खेड्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा एम.ए. होऊन बँकेत न जाता कॉलेजात आला. घर चालत नसेल तर पुस्तकं कोण वाचेल? आणि दुसरं काहीच केलं नाही म्हणतेस, तर अमरावतीकडे बघ. नुटा संघटनेचे बी. टी. देशमुख पदवीधर मतदारसंघातून तीस वर्षं विधान परिषदेत होते. विदर्भाच्या अनुशेषावर त्यांच्याइतका अभ्यास करून बोलणारा आमदार मला दाखव. तो माणूस प्राध्यापकांच्या संघटनेतून आला. मुंबईत बुक्टू, विदर्भात नुटा, कोल्हापूरकडे सुटा, आणि राज्यभरच्या संघटनांचा महासंघ एमफुक्टो. विद्यापीठाच्या अधिसभेत परीक्षा विभागाला घाम फोडणारे प्रश्न कोण विचारतं? कुलगुरूंनी नेमलेले सदस्य?"

हा मुद्दा मी मनापासून मान्य करते. विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात कोणत्या शीर्षाखाली किती पैसा पडून आहे, कोणत्या अभ्यासमंडळावर कोणाचा साडू बसलाय, हे उभं राहून विचारायला पाठीशी कोणीतरी लागतं. एकट्या प्राध्यापकाने असा प्रश्न विचारला की त्याची फाईल सापडेनाशी होते.

"पण अधिसभेत शिक्षकांमधून निवडून द्यायचे दहा जण कोण निवडतं, काका?"

"शिक्षक."

"मला मत नाही."

"कसं असेल? २०१६च्या विद्यापीठ कायद्यात शिक्षक म्हणजे मान्यताप्राप्त, पूर्णवेळ…" आणि ते थांबले.

मी पुढचं बोलले नाही. आधी मला २०१३बद्दल बोलायचं होतं. ते वर्ष आमच्या दोघांच्या मध्ये इतकी वर्षं अडून बसलं होतं.

त्या वर्षी ४ फेब्रुवारीपासून राज्यभरातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. तो १० मेला, उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर मागे घेतला गेला. ९६ दिवस. मी तेव्हा टी.वाय.ला होते. आमच्या वर्गावर पर्यवेक्षक म्हणून ग्रंथालयातले लिपिक आले होते. ते बिचारे आमच्यापेक्षा जास्त घाबरलेले. पुरवणीवर सही कुठे करायची, हे आम्हीच त्यांना सांगत होतो.

"काका, तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात की विद्यार्थी हा शिक्षकाचा पहिला धर्म. मग मुलांच्या परीक्षेला हात का घातलात? मंत्र्याचं काय बिघडलं त्यात?"

"आम्ही शिकवणं थांबवलं होतं का? माझा एकही तास मी चुकवला नाही. निवृत्तीला चार महिने राहिले होते, तरी फ्रेंच राज्यक्रांती पूर्ण शिकवली. आमच्या हातात दुसरं काय आहे, तू सांग. गिरणी कामगार बाहेर पडला की माग थांबतो, मालकाचं नुकसान होतं. प्राध्यापक वर्ग सोडून बाहेर पडला तर सरकारचं काय थांबतं? काहीच नाही. निवेदनं दिली, मोर्चे काढले, काळ्या फिती लावल्या. परीक्षा ही एकच गोष्ट अशी आहे की ती अडली तर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते."

"म्हणजे मुलांना ओलीस ठेवलंत."

"हा शब्द तेव्हा रोज छापून यायचा. झोप लागायची नाही मला, खोटं सांगत नाही. पण मागण्या काय होत्या ते आठव. एक थकबाकी. दुसरी मागणी नेट-सेट या पात्रता परीक्षा पास नसलेल्यांची. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेले हजारो लोक. नेट परीक्षाच मुळी १९८९ला सुरू झाली. पास होणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॉलेजं तर चालवायची होती. संस्थांनी जाहिराती देऊन, मुलाखती घेऊन या लोकांना घेतलं, विद्यापीठांनी मान्यता दिल्या, सरकारनं वर्षानुवर्षं पगार दिले. आणि पंधरा-वीस वर्षं शिकवून झाल्यावर सांगायचं, तुमची सेवा धरणार नाही? त्यातले कितीतरी जण राखीव जागांवर आलेले, घराण्यातले पहिले पदवीधर. त्यांच्यासाठी मी उभा राहिलो. एकाहत्तर दिवसांचा पगार कापला गेला आमचा. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं ते."

"आणि मिळालं काय?"

"जूनमध्ये शासन निर्णय निघाला. सेवा नियमित केली, पण निर्णयाच्या तारखेपासून. म्हणजे मधली सगळी वर्षं गेली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे हे लोक त्याही बाहेर पडले. मग पुन्हा कोर्ट."

मी गप्प बसले. त्या लोकांपैकी एक बाई मला बी.ए.ला भाषाविज्ञान शिकवायच्या. रूपिका आणि रूपिम यांतला फरक फळ्यावर न लिहिता, बोटांवर करून दाखवायच्या. मी आज शिकवते तेव्हा माझीही बोटं तशीच हलतात. त्यांना नेट नव्हती, हे मला खूप उशिरा कळलं. तेव्हा पात्रतेचं कागदी माप हेच अंतिम, असं मी म्हणणार नाही. पण काकांना मला एक गोष्ट विचारायचीच होती.

"काका, मी २०१६ला सेट झाले. नंतर पीएच.डी. केली. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांच्यासाठी तुम्ही ९६ दिवस उभे राहिलात. ज्यांच्याकडे कागद आहे आणि जागा नाही, त्यांच्यासाठी किती दिवस?"

"भरती सरकारनं अडवली."

"सरकारनं अडवली, बरोबर. २०१८ला ३,५८० जागांना परवानगी दिली, त्यातल्या २,०८८ भरायच्या राहिल्या, आणि त्याच आकड्यावर आम्ही वर्षानुवर्षं डोळे लावून बसलो. दरम्यान दर मे महिन्यात तुमच्या पिढीतला कोणीतरी निवृत्त होतो, हार घालतात, भाषणं होतात, आणि ती खुर्ची दोघां-तिघां तासिकावाल्यांत वाटून टाकतात. खुर्ची मोडली तेव्हा संघटनेनं परीक्षा अडवल्या नाहीत."

"मागणीपत्रकात तुमचा मुद्दा असतो. तुमचे दर वाढले ते आपोआप नाही वाढले."

"मागणीपत्रकात मुद्दा असणं वेगळं, सभासदांच्या यादीत नाव असणं वेगळं."

मग मी फोनमधला माझा आदेश उघडून त्यांच्यापुढे धरला. नेमणूक २१ ऑगस्टपासून. आठवड्याला नऊ तास. दर तासाला नऊशे रुपये. शेवटची तारीख एप्रिलमधली. आणि त्याखाली ती ओळ : सदर नेमणूक उपरोक्त दिनांकास आपोआप संपुष्टात येईल.

काकांनी त्यांचा टंकलिखित कागद उचलून फोनशेजारी ठेवला. दोन्ही ओळी त्यांनी बोट ठेवून वाचल्या. शब्द तेच होते. 'उपरोक्त' सुद्धा.

"हिशोब सांगते," मी म्हणाले. "नऊ तास गुणिले नऊशे, गुणिले चार आठवडे. बत्तीस हजार चारशे. ऐकायला वाईट नाही. पण गणपतीची सुट्टी आली की तास नाही, दिवाळी आली की तास नाही, परीक्षा सुरू झाल्या की तास नाही. ऑगस्टच्या आधी काही नाही, एप्रिलनंतर काही नाही. आणि बिल महिन्याला निघत नाही. प्रस्ताव सहसंचालक कार्यालयात जातो, त्रुटी लागून परत येतो, पुन्हा जातो. गेल्या वर्षी जानेवारीपर्यंतचे पैसे मला मे महिन्यात मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९मध्येच अतिथी प्राध्यापकाला तासाला पंधराशे, महिन्याला पन्नास हजारांपर्यंत द्या म्हणून सांगितलंय. नॅकची समिती आली की फाईल मी लावते, एनएसएसचं शिबिर मी नेते, आणि ते तासात धरत नाहीत."

"नाही कसं म्हणत नाहीस?"

"तुम्ही चार वर्षं नाही का म्हणाला नाहीत?"

काकू चहा ठेवून गेल्या. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. बोलल्या काही नाहीत.

काकांनी गठ्ठ्यातून एक निकालपत्र काढलं. हे त्यांचं नेहमीचं, पण या वेळी आवाज वेगळा होता. "तुला एक सांगतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात उद्योगाची व्याख्या इतकी रुंद केली की शिक्षणसंस्थाही त्यात आल्या. आम्ही पेढे वाटले. दहा वर्षांनी, १९८८ला, गोव्यातल्या करंझाळ्याच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला कामावरून कमी केल्याचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. न्यायालय म्हणालं, शाळा उद्योग असेल, पण शिक्षक हा 'कामगार' नाही. म्हणजे त्याच संस्थेतला शिपाई औद्योगिक न्यायालयात जाणार, कारकून जाणार, शिक्षक जाणार नाही. का? तर त्याचं काम उदात्त आहे, साच्यातलं नाही. सरकारनं शिक्षकांसाठी वेगळी सोय करावी, असंही न्यायालयानं सुचवलं. आपल्याकडे विद्यापीठ आणि महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. पण कामावरून काढलेला माणूस एकटा वकील कुठून लावणार? तारखांना गावाहून एसटीनं येणार, संस्थेचा वकील मुदत मागणार, हा परत जाणार. संघटनेनं अशी किती प्रकरणं शेवटपर्यंत नेली, ती सगळी या ट्रंकेत आहेत. म्हणून म्हणतो, संघटना नको असं कधी म्हणू नकोस."

"मी नको म्हणतच नाही. मी आत घ्या म्हणतेय. न्यायाधिकरणाचं म्हणाल, तर तिथे जायला कोणीतरी काढून टाकावं लागतं. मला कोणी काढतच नाही, काका. मी दर एप्रिलला आपोआप संपते. तुम्ही कायद्यानं कामगार नव्हतात. मी कायद्यानं शिक्षकच नाही."

आमच्या कॉलेजातल्या संघटनेच्या युनिटकडे मी दोन वर्षांपूर्वी वर्गणी घेऊन गेले होते. ज्या सरांशी बोलले ते भले गृहस्थ. अगदी मायेनं म्हणाले, आधी पूर्णवेळ मान्यता येऊ दे, मग बघू. ही मान्यता येण्यासाठीच मला संघटना हवी होती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मला त्यांचा राग नाही आला. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी मोजलं. तेवीस जण शिकवणारे. त्यांतले कायम नऊ. म्हणजे संघटनेच्या बाहेर चौदा.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ट्रंकेच्या कडीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "२०१३ला आमच्याकडे उत्तरपत्रिका तासिकावाल्यांनी तपासल्या. कॅपला, म्हणजे केंद्रीय मूल्यांकनाला, त्यांनाच बसवलं होतं. मी त्यांच्याशी पुढे बोललोच नाही. एक मुलगा तर माझाच विद्यार्थी. मे अखेरीस माझ्या निरोपसमारंभाला आला होता, मी हात पुढे केला नाही."

"त्याला संघटनेनं कधी बोलावलं होतं?"

"नाही."

"मग त्यानं कोणाचा शब्द पाळायचा होता?"

या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि मीही पुन्हा विचारला नाही. त्या मुलाला त्या कामाचे किती रुपये मिळाले असतील, याचा अंदाज मला आहे. तो आकडा मी काकांना सांगितला नाही.

मला जे म्हणायचंय ते इथे सरळ म्हणते. तासिकावाल्यांच्या वेगळ्या संघटना निघाल्या आहेत. पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर धरणी झाली, उपोषणं झाली. त्या मित्रमैत्रिणींबद्दल मला आदर आहे. पण एकाच स्टाफरूममध्ये दोन संघटना असाव्यात, एक खुर्ची असलेल्यांची आणि एक नसलेल्यांची, हे मला पटत नाही. सरकारला आणि संस्थाचालकांना हीच फाळणी सोयीची आहे. जुन्या संघटनेकडे कोर्टाचा अनुभव आहे, निवडून आलेले प्रतिनिधी आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात माणसं आहेत. आमच्याकडे संख्या आहे, आणि उद्याचे वर्ग आहेत. संघटनेच्या घटनेतले 'पूर्णवेळ मान्यताप्राप्त' हे शब्द काढून 'शिकवणारा प्रत्येक जण' एवढं लिहायला एक सर्वसाधारण सभा पुरेल.

काकांना हे असं सरळ मान्य नव्हतं. "बोलायला सोपं आहे. तुमची नेमणूक दर वर्षी नवी. नाव यादीत दिसलं की पुढच्या ऑगस्टला संस्था बोलावणार नाही. आम्ही काय करू शकणार? ज्याला वाचवता येत नाही त्याची वर्गणी घेणं मला बरोबर वाटत नाही. थोडं थांबा. भरती होईल, आत या, मग जोर लावा."

"आठ वर्षं थांबले. आणि हीच भीती १९८०ला तुम्हालाही होती ना? अकरा जणांची नावं सचिवांना कळली असती तर?"

काकांनी ते न फाडलेल्या पावत्यांचं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. पहिली पावती उघडली. वर्गणी दोन रुपये.

"म्हणून तर फाडल्या नाहीत. पावती खिशात सापडली तर नोकरी गेली. पैसे घ्यायचे, पावती लिहायची, सभासदाला दाखवायची आणि पुस्तक बंद. ते पुस्तक कोषाध्यक्षाच्या घरीही नसायचं. तुझ्या काकूच्या माहेरी, धान्याच्या कोठीत असायचं. पहिली दोन वर्षं संस्थेला फक्त एकच नाव माहीत होतं."

"कोणाचं?"

"ज्याची नोकरी आधीच गेली होती त्याचं. गणिताचे होते. निवेदनावर त्यांची एकट्याची सही असायची. बाकी आम्ही दर महिन्याला त्यांना घरखर्च द्यायचो. प्रत्येकी पंधरा रुपये."

मी पिशवीतून वही काढली. चौदा नावं मला पाठ होतीच, ती एकाखाली एक लिहिली. काका चष्मा लावून वाचत होते. दोन आडनावांवर थांबून त्यांनी विचारलं, हा कोणत्या गावचा, हिचा नवरा काय करतो. तिसऱ्या नावावर म्हणाले, हा सचिवांच्या नात्यातला नाही ना, आधी बघ. मग मला म्हणाले की संघटनेच्या रविवारच्या सभेत ते घटनादुरुस्तीचा ठराव मांडतील, तो बहुधा पडेल, आणि पुढच्या सभेत पुन्हा मांडतील.

"तुझ्या आदेशाची झेरॉक्स मला दे. नाव खोडून. माझा कागद आणि तो एकत्र वाचून दाखवतो."

"आणि आम्ही तोवर?"

"पहिली बैठक कॉलेजच्या गावात घेऊ नकोस. एसटी स्टँडजवळ तर अजिबात नको, कोणीतरी बघतंच. कोणाच्या तरी घरी घ्या, बाळाच्या बारशाला, वास्तुशांतीला, लोक जमलेले असताना. फोनच्या ग्रुपवर काही लिहू नका. वर्गणी ठरवा, कितीही कमी, पण सगळ्यांची सारखी. बैठकांची मिनिटं लिहून ठेवा. आम्ही पहिल्या वर्षीची लिहिली नाहीत, त्याचं अजून वाईट वाटतं."

"पावत्या?"

"छापून घे. सातारला नको, कऱ्हाडला घे. आणि दोन्ही भाग तुझ्याकडेच ठेव."